खुर्चीत बसलेला सबवूफर

मी सबवूफर बोलतोय. हसू नका, बोलणं हे माझं काम नाही हे मलाही ठाऊक आहे. बोलायचं, गायचं, कुजबुजायचं, ते सगळं माझी पाच स्पीकर भावंडं करतात. ती छोटी, देखणी, भिंतीवर मिरवणारी. मी आपला जमिनीवरचा काळा खोका. ढगांचा गडगडाट, रेल्वेची धडधड, आवाजातला सगळा जाडाभरडा माल माझ्या वाट्याला.

कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी मला चालू करून पाहिलं, तेव्हा त्यांच्या टेबलावरचे स्क्रू नाचले. "दणकट निघाला हा," एवढंच त्या म्हणाल्या. त्या कौतुकावर मी दुकानातले चार महिने काढले.

मग या घरी आलो. इथे तिघं राहतात: मुलगा, सूनबाई आणि आबा. आबांची पस्तीस वर्षं मालवाहू बोटीच्या इंजिन-रूममध्ये गेली आणि त्या इंजिनांनी त्यांचे कान खाल्ले. पातळ आवाज गेले, जाडे तेवढे राहिले. कोण काय बोलतंय ते कळेना, तेव्हा आबा आधी नुसती मान डोलवायला लागले. मग "तुम्ही बघा टीव्ही, मी पडतो जरा," म्हणून आपल्या खोलीत जाऊन बसायला लागले. "त्यांना जाडे आवाज ऐकू येतात ना, मग तेच आणतो घरात," असं म्हणून मुलाने मला आणलं. आबांना पुन्हा माणसांत आणून बसवायचं, या एकाच कामावर माझी नेमणूक होती.

आणि मी काय केलं? पहिल्याच दिवशी गुरगुरायला लागलो. काही लावलेलं असो की नसो, आपलं 'हूंऽऽऽ' चालूच. मी करत नव्हतो हो, माझ्याकडून होत होतं. मुलाने वायर बदलली, बटणं फिरवली, शेवटी मला दोन चापट्याही मारल्या. सूनबाईंनी माझं रिकामं खोकं दाराआड जपून ठेवलं होतं. "सात दिवसांत परत करता येतो," त्या म्हणाल्या. "घरात एक जण ऐकत नाही, त्यात हा गप्प बसत नाही."

सहाव्या दिवशी सकाळी खोकं दाराआडून बाहेर आलं. तेवढ्यात आबा अनवाणी खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "पंप कोणी चालू ठेवलाय?"

त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मुलाने विचारलं, "आबा, तुम्हाला हे ऐकू येतंय?"

"ऐकू कशाला यायला हवं? पायाला लागतंय."

त्यांनी हत्यारांच्या पेटीतून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचं टोक माझ्या अंगाला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून घेतले. इंजिनाचं दुखणं असंच ऐकायचं असतं, म्हणे. ज्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही, ते माझ्या आतली थरथर लोखंडातून हाडात घेत होते. आजवर सगळ्यांनी मला ऐकलं ते दुसऱ्याच कशाबरोबर तरी. एकट्या मला, इतक्या मन लावून, कोणीच ऐकलं नव्हतं. मी थक्क झालो.

"हा ठणठणीत आहे," आबा म्हणाले. "रोग बाहेरून येतोय. एकेक बंद करत चला."

पंखा बंद झाला, फ्रिज बंद झाला. मी चालूच. मग ॲम्प्लिफायरकडून येणारी वायर माझ्यातून उपटली आणि मी गप्प. मी एका भिंतीतून वीज घेत होतो, ॲम्प्लिफायर समोरच्या भिंतीतून. दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरक त्या वायरीतून माझ्या गळ्यात उतरत होता. दोघांचे प्लग एकाच बोर्डात लावले, वायर परत जोडली, आणि खोलीत अशी शांतता पसरली की सूनबाईंनी मी चालू आहे ना ते वाकून पाहिलं.

आता मला ठेवायचं कुठे? मुलाने कुठेतरी वाचलं होतं की हे उलटं करायचं असतं. सबवूफर माणसाच्या जागी ठेवायचा आणि माणसाने जमिनीवर रांगत, तो कुठे भरून लागतो ते शोधायचं. झालं, मला उचलून आबांच्या खुर्चीत बसवलं. मुलगा रांगायला लागला तसं आबांनी त्याला बाजूला सारलं. "खुर्ची माझी, तर गुडघेही माझेच." आयुष्यभर इंजिनांखाली सरपटलेला तो सत्तरीचा माणूस तळवे फरशीवर टेकत भिंतीकडेने निघाला. मी उशीला टेकून वर, आणि ज्यांच्यासाठी मी आलो ते माझ्यापुढे हातापायांवर. मला संकोच वाटत होता, पण मी जीव तोडून घुमत राहिलो. स्वयंपाकघराच्या दारापाशी ते थांबले. तिथे कान खाली नेला, हात छातीवर ठेवला. "इथे," ते म्हणाले.

त्या दुपारी मुलाने बोटीवरचा एक सिनेमा लावला. मी दारापाशी आणि आबा परत आपल्या खुर्चीत, अशी दहा मिनिटं गेली. मग म्हणाले, "हे बोटीचं इंजिन नाही, ट्रकचं आहे. फसवतायत तुम्हाला." तिथून जे सुरू झाले ते थांबेचनात. बोटीचं इंजिन कसं घुमतं, भर समुद्रात ते बंद पडलं तेव्हा काय झालं, सगळं सांगत सुटले. सिनेमा कोणालाच ऐकू आला नाही, आणि कोणी त्यांना गप्पही केलं नाही.

आता मी त्या दारातच असतो. अंगावर चार पोचे आले आहेत, वरच्या कोपऱ्याचा टवका उडाला आहे. येताजाता सूनबाईंची करंगळी माझ्यावर आपटते आणि मला शिव्या बसतात. माझी तक्रार नाही. फक्त, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी गुरगुरत असेल तर त्याला चापट्या मारण्याआधी त्याचा प्लग कुठे आहे ते बघा.

मागच्या आठवड्यात एक मेकॅनिक नवा टीव्ही बसवायला आला. त्याने सोफ्यावर बसून मला ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "चुकीच्या जागी ठेवलाय हा. सोफ्यावर तुम्हाला काहीच मिळत नाही, सगळं त्या एका खुर्चीला जातंय. त्या कोपऱ्यात सरकवतो." तो मला उचलायला वाकला.

सूनबाई मधे आल्या. "राहू दे त्याला तिथेच," त्या म्हणाल्या. "आमचं काय हो, आम्हाला येतं ऐकू."