मंजूर कोंबडी

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं. अगोगो फालेस, म्हणजे फालेस आजी, ओसरीवरून उठल्या, झाकण बाजूला सरकवून पेजेत एक पळी फिरवली आणि पुन्हा माझ्यासमोर चटईवर येऊन बसल्या. हे सगळं त्यांनी एका हाताने केलं, कारण दुसऱ्या काखेत कोंबडी होती. तांबूस, पाय केळीच्या सोपटाने बांधलेली, माझ्याकडे एका डोळ्याने बघणारी. ती कोंबडी मला भेट म्हणून होती, आणि मी नुकतंच नाही म्हटलं होतं.

नाही म्हणताना मी आवाज अगदी मऊ काढला होता. अभ्यासांना परवानगी देणाऱ्या समितीचा नियमच वाचून दाखवला होता: अभ्यासात भाग घेणाऱ्या कुणाकडूनही संशोधकाने कसलीही भेट घ्यायची नाही. पाठीशी चितेंजेच्या कापडात बांधलेला माझा दहा महिन्यांचा मायामिको झोपेत माझ्या मानेवर लाळ गाळत होता, आणि मला वाटत होतं, नियम म्हटल्यावर आजीला पटेल.

नऊ वर्षं मी दुसऱ्यांचे प्रश्न पिशवीत घालून झोम्बा जिल्ह्यातली गावं हिंडले होते. मच्छरदाण्यांचे प्रश्न, संडासांचे प्रश्न, शाळा सोडलेल्या मुलींचे प्रश्न. प्रश्न प्राध्यापकांचे, पाय माझे. हा अभ्यास मात्र माझा होता. माझी मुलगी तियांजाने पाच महिन्यांची असताना एकदा मी बाजारातून परत आले, तर सासूबाई बोटावर पातळ पेज घेऊन तिला चाटवत होत्या. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हे मीच गावोगाव सांगत फिरत होते, त्यामुळे माझा संताप संताप झाला. पण सासूबाई दर वेळी बोटावर आधी फुंकर घालत होत्या, मग ते स्वतःच्या ओठाला लावून बघत होत्या, मग तिच्या. मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. आयांना शिकवायला सगळे येतात, आज्यांना कुणी काही विचारतच नाही, हे मला तेव्हा सुचलं. ते कागदावर यायला पाच वर्षं लागली. समितीने अर्ज तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा मंजूर झाला तेव्हा मायामिको चाळीस दिवसांचा होता. मंजूर अभ्यासांची यादी फळ्यावर लागली, त्यात एकेचाळिसावा क्रमांक माझा. नवऱ्याने, लोंजेझोने, त्याचा फोटो काढला. त्यात माझ्या अर्ध्या आडनावावर त्याचाच अंगठा आलाय, पण आम्ही तो भिंतीवर लावलाय.

शंभर घरं, शंभर आज्या, प्रत्येकीकडे तीन भेटी. दर भेटीला आभार म्हणून साबणाच्या दोन वड्या. नव्वदच्या खाली घरं गेली तर अभ्यास बाद. आणि तिसऱ्या भेटीच्या तोंडावर ही कोंबडी.

अगोगो फालेसनी काखेतली कोंबडी नीट बसवली. मग त्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशी तू एक कागद वाचला होतास. मला वाटेल तेव्हा मी यातून बाहेर पडू शकते, कारण सांगायला नको, आणि माझ्यावर कुणी रागावणार नाही. असंच होतं ना त्यात?"

मी म्हटलं, "हो अगोगो, असंच."

"मग मी बाहेर पडले. आणि आता तू रागावू नकोस."

आत जाऊन त्या साबण घेऊन आल्या. चारही वड्या, एकही न वापरलेली, फडक्यात नीट बांधलेल्या. वर मला पेज पाजली, कारण अंगावर पाजणाऱ्या बाईला उपाशी पाठवत नाहीत. पेजेत शेंगदाण्याचं कूट होतं. इतकी चविष्ट पेज आणि इतका जड घोट मला आठवत नाही.

चार दिवसांत नाम्बेसा गावातल्या आणखी बारा आज्या बाहेर पडल्या. कुणी बोअरच्या रांगेत उभ्या उभ्या सांगितलं, कुणी नातवाच्या हाती साबण परत धाडला. उरली सत्त्याऐंशी. नोंदीच्या कागदावर प्रत्येकीपुढे मला लिहावं लागलं, 'कारण सांगितलं नाही.' कारण तर अख्ख्या गावाला माहीत होतं.

मी पुन्हा अगोगो फालेसकडे गेले, कागद न घेता. त्या तूर पाखडत होत्या. मी सूप मागून घेतलं आणि शेजारी बसून पाखडू लागले. थोड्या वेळाने त्या आपणहूनच बोलल्या. सुनेलाही ठाऊक नव्हत्या अशा गोष्टी मी तुला सांगितल्या, म्हणाल्या. तू साबण दिलास, मी घेतला. तिसऱ्यांदा उंबरा ओलांडणारी बाई माझ्या दारातून रिकाम्या हाताने गेली तर लोक काय म्हणतील, फालेसच्या अंगणात एक कोंबडीही फिरत नाही?

मग माझ्या सुपाकडे बघत म्हणाल्या, "तियांजानेच्या आई, मी गरीब आहे म्हणून तुझ्या यादीत आहे, की मला काही येतं म्हणून?"

मला म्हणायचं होतं, तुम्हाला येतं म्हणून. पण माझ्या नियमात तर तसं लिहिलेलं नव्हतं. नियमात त्या फक्त घेणाऱ्या होत्या.

त्या आठवड्यात मायामिको दुपारी जितका वेळ झोपे तितका वेळ मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला. मंजूर अभ्यासात काही बदलायचं तर असा अर्ज लागतो. लोक औषधाची मात्रा बदलायला करतात, तारखा बदलायला करतात. मी कोंबडीसाठी केला. लोंजेझोने वाचला आणि विचारलं, हे तू खरंच पाठवणार आहेस का. मी म्हटलं, नाहीतर तूच दे मला तेरा आज्या.

समितीने मला राजधानीत, लिलोंग्वेला बोलावलं. लांब टेबल, अकरा माणसं, चहा आणि ताटभर मंडासी, म्हणजे तळलेले गोड वडे. मायामिको पाठीवर होता आणि मंडासीच्या वासाने जागा झाला होता. संख्याशास्त्राचे डॉ. काम्वेंडो यांनी आधी शंका काढली. आजी कोंबडी देणार असेल तर तिची उत्तरं बदलणार नाहीत का? मी सांगितलं, कोंबडी शेवटच्या उत्तरानंतर येते. ते म्हणाले, पण द्यायची हे तिला आधीपासून ठाऊक असतं. मी म्हटलं, साबण मिळणार हेही तिला आधीपासून ठाऊक असतं, आणि त्यावर आपण कधी हरकत घेतली नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि एक मंडासी मायामिकोच्या हातात दिली.

अध्यक्ष होते प्राध्यापक म्काका. त्यांचा प्रश्न खरा अवघड होता. ज्या घरात कोंबडी नाही, त्या आजीने काय करायचं? शेजारणीने दिली म्हणून ती कुठून तरी पैदा करणार, स्वतःच्या पोटाला चिमटा काढून. याचा विचार मी केला नव्हता. माझा अभ्यास त्या टेबलावर, चहाच्या कपांमध्ये, बुडतोय असं मला दिसायला लागलं.

तेव्हा कोपऱ्यातून अमायी चिराम्बो बोलल्या. त्या निवृत्त सुईण, समितीवर सामान्य लोकांच्या वतीने बसतात. त्यांनी सांगितलं, कोंबडी नसेल ती भोपळा देते, भोपळा नसेल ती मूठभर शेंगा देते, आणि तेही नसेल ती दारापर्यंत पोचवायला येते आणि गाणं म्हणते. चाळीस वर्षं मी बाळंतपणं केली, मला काय मिळालं आणि काय नाही याचा हिशेब कुणाच्याच डोक्यात नव्हता. फक्त विकत आणलेलं नको, एवढी अट घाला.

मग त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. "या खोलीत असा कोण आहे, जो खेड्यातल्या अभ्यासावरून कधीच कोंबडी घेऊन घरी आला नाही? त्याने हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. डॉ. काम्वेंडो कागद लावत बसले.

प्राध्यापक म्काकांनी चष्मा काढून पुसला. "माझा जंतांचा अभ्यास," ते म्हणाले. "सात कोंबड्या आणि एक बोकड. बोकडाची मी नोंद केली होती."

"आणि कोंबड्यांची?" अमायी चिराम्बोंनी विचारलं.

"त्या नोंद करेपर्यंत उरल्या नाहीत."

हसण्याचा असा लोंढा आला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. मायामिकोला काही कळलं नाही, पण तोही हसला, तोंडभर मंडासी घेऊन. हसू ओसरल्यावर अध्यक्ष म्हणाले की इतकी वर्षं सगळे घेत आले आणि सगळे लपवत आले, लिहून मागणारी ही पहिलीच. मग त्यांनी अट सांगितली आणि चिटणिसाने टाइप केली. शेवटच्या भेटीनंतर, स्वखुशीने, स्वतःच्या अंगणातलं, विकत न आणलेलं. आणि देणारी व घेणारी या दोघींनी ते गावातच, एकत्र बसून खावं. दुरुस्ती क्रमांक एक, मंजूर.

पुढच्या सोमवारी मी नाम्बेसाला गेले. तियांजानेची बालवाडी बंद होती, म्हणून तीही सोबत होती, माझं बोट धरून, सतत बोलत. ओसरीवर मी पत्र वाचून दाखवलं. अगोगो फालेसनी ते पुन्हा वाचायला लावलं, आणि शेजारणींना हाक मारून तिसऱ्यांदा. मग विचारलं, लिलोंग्वेतल्या अकरा माणसांनी माझ्या कोंबडीचा विचार केला? मी म्हटलं, पाऊण तास. त्यांनी मान ताठ करून शेजारणींकडे बघितलं, एकेकीकडे, सावकाश.

मला वाटलं आता सही घ्यायची आणि प्रश्न सुरू करायचे. पण त्यांनी माझ्या पिशवीतून संमतीचा एक कोरा कागद आणि शाईची डबी काढून घेतली.

"आता तू ऐक," त्या म्हणाल्या. वाचता त्यांना येत नव्हतं. कागद त्यांनी माझ्यासारखा मांडीवर धरला, माझ्यासारखाच घसा साफ केला. "हा कोंबडीचा अभ्यास आहे. यात भाग घ्यायचा की नाही हे तू ठरवायचंस. नाही म्हणालीस तरी तुझी पेज बंद होणार नाही. कळलं का?"

"कळलं, अगोगो."

"खाताना थोडा त्रास होण्याचा संभव आहे, कारण कोंबडी म्हातारी आहे आणि तुझे दात शहरातले आहेत. काही शंका?"

"फायदा काय होईल?"

"तुला दूध येईल. मला झोप येईल." ओसरीभर हसू पसरलं होतं. "वाटेल तेव्हा उठून जाऊ शकतेस. पण उठलीस तर मी रागावणार. एवढं एक मी तुझ्या कागदातलं बदललंय."

मी अंगठा शाईत बुडवून उठवला. तियांजानेनेही हट्टाने उठवला, मायामिकोचा मी धरून उठवला. मग अगोगोंनी त्यांचा उठवला, माझ्या कागदावर, आणि मी शेवटचे प्रश्न विचारले. नातवाला पहिला घास कुणी दिला, कधी, कुणाला न सांगता. त्या बोलत गेल्या आणि सून चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत राहिली, कारण तिलाही ते आत्ताच कळत होतं.

दुपारपर्यंत बाराही जणी परत आल्या होत्या. कुणी भोपळ्याची पानं आणली, कुणी शेंगा, एकीने नुसतं मोठं पातेलं. मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे गोळे वाफाळत होते. कोंबडी खरोखरच म्हातारी होती. आम्ही चावत राहिलो आणि बोलत राहिलो. पोटा-कलेजीचा तुकडा एरवी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या ताटात जातो. अगोगोंनी तो माझ्या ताटात वाढला आणि कुणी काही म्हणू नये म्हणून आधीच सगळ्यांकडे डोळे वटारून बघितलं. शंभर घरं होती माझी, पुन्हा शंभर.

परतताना मक्याच्या शेतामधल्या वाटेने चाललो. मायामिको पाठीवर पेंगत होता. तियांजाने पुढे चालली होती, शाई लागलेला अंगठा सगळ्यांपासून जपत, वर धरून.

तिने विचारलं, अगोगोंना एवढं सगळं कसं माहीत. मी म्हटलं, त्यांनी खूप बाळं वाढवली म्हणून. ती म्हणाली, तू पण अगोगो होणार? होईन, मी म्हटलं, तू मोठी झालीस आणि तुला बाळ झालं की.

ती थांबली. वळून माझ्याकडे बघत, उन्हाने डोळे बारीक करून.

"मग तेव्हा तुला विचारायला कोण येणार?"