बांडीचा बिल्ला

"बांडीम्होरं पूज्यच लिवलंस व्हय गं?"

तानूबाईला वाचता येत नव्हतं, पण बांडी मेंढीच्या नावापुढं माझं पेन गोल फिरलेलं तिनं बरोबर हेरलं.

२००४ चा मार्च. चांद्याच्या माळावर तिच्या नवऱ्याच्या, म्हसूच्या, कळपाची मोजणी चालली होती. मी सुलक्षणा, पुण्यातल्या एका संशोधन केंद्रासाठी नोंदी घेणारी. सहा वर्षं मेंढ्यांच्या कानातले बिल्ले वाचत हिंडत होते. मेंढी किती धष्टपुष्ट, याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. तिच्या पोटची किती कोकरं जगली आणि पुढं व्याली, तेवढं मोजायचं. कुणाचा वंश टिकतो, हा आमच्या साहेबांचा ध्यास.

या वर्षी माझ्या वहीला भलताच मान आला होता. माळावर प्लॉट पडले, तारा लागल्या, चारायला जागा उरली नाही. अर्धा कळप काढायचा ठरला, तेव्हा म्हसू म्हणाला, "बाईच्या वहीत जिच्याम्होरं पूज्य, ती टेंपोत." टेंपो खाटकाचा होता.

"आगं, दोन वाढवली तिनं." तानूबाई काकुळतीला आली. "दोनीबी हितंच हायेत, बघ की."

खोटं नव्हतं. बांडी दोनदा व्याली, दोन्ही वेळा तिचं स्वतःचं कोकरू मेलं. दोन्ही वेळा तानूबाईनं मेलेल्याचं कातडं एका पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधलं. बांडीनं हुंगलं, आपलं मानलं आणि पाजलं. मी स्वतः पाहिलं होतं. पण नोंद जन्म देणारीच्याच नावावर, मग ती मेलेली का असेना.

"नियम आहे, तानूबाई. पोटचंच धरायचं."

"येक लिव. येकच."

"नाही लिहिता येत हो."

"वांज जित्राब किती दिस पोसायचं?" म्हसू टेंपोजवळून ओरडला.

तानूबाईनं टेंपोकडे पाहिलं. तिची सवत बाळंतपणात गेली, तेव्हा तानूबाईचं स्वतःचं मूल जाऊन चारच दिवस झाले होते. सवतीचं पोर तिनं अंगावर पाजलं. पुढं तिची कूस उजवली नाही. ते पोर, धनाजी, आता बाप्या झाला होता आणि बांडीला उचलून टेंपोत घालत होता.

"मग ह्यो कुणाचा लिवशील?" तिनं हळूच विचारलं.

माझ्या नियमानं तो सवतीचाच. लाज वाटली, तरी पेन हललं नाही. सहा वर्षांची सवय.

विकलेल्या मेंढीचा बिल्ला केंद्रात जमा करावा लागतो. धनाजीनं तो कापून माझ्याकडे धरला, तर तानूबाईनंच मधे हात घालून घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला. टेंपो रस्त्याला लागला. बांडीचं धाकटं कोकरू तारेपर्यंत ओरडत गेलं आणि तिथंच उभं राहिलं.

मी बिल्ला मागितला नाही. वहीत लिहिलं, 'बिल्ला गहाळ'. सहा वर्षांत वहीत लिहिलेलं ते माझं पहिलं खोटं. त्यानं कुणाचा जीव वाचला नाही.