माझा घुमट कापला तेव्हापासून

मित्रांनो, मी टॉर्चमधला एक जुना एलईडी दिवा आहे. आकाराने मसुराच्या दाण्याएवढा आणि स्वभावाने भित्रा. दिव्याने अंधाराला घाबरणं शोभत नाही, हे मला कळतं. पण अंधाराच्या अगदी तोंडाशी कामाला कोणाला लावतात, याचाही विचार व्हावा.

कारखान्यात माझ्या डोक्यावर एक मऊ, पारदर्शक घुमट बसवला होता. त्यामुळे माझा उजेड चहूकडे पसरायचा. मला विकत घेतलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या दोन भावंडांनी. माझ्या उजेडात त्यांना पडलेला स्क्रू, पाना, एकदा तर हरवलेला जेवणाचा डबाही सापडला. "गुणी आहे हो," ताई म्हणायची. भावाबद्दल ती असं कधीच म्हणाली नाही.

मग एका गोदामातली मालाची लिफ्ट सगळ्यात वरच्या मजल्यावर अडकली. वरून करकर ऐकू यायची. यंत्राच्या खोलीची किल्ली गोदामाच्या मालकाकडे, आणि मालक परगावी. लिफ्टखालच्या खड्ड्यातून पाहावं, तर माझा उजेड अर्ध्या वाटेतच दमायचा.

"याचा घुमट उडवू," भाऊ म्हणाला. "मग झोत बारीक होतो आणि लांब जातो."

"आणि मेला तर?"

"नवा आणू."

मित्रांनो, हे बोलणं माझ्यासमोर झालं.

त्याने दाढीचं कोरं पातं काढलं. घुमटाच्या आत केसाहून बारीक तारा असतात. पातं तिथे लागलं की खेळ खलास.

"किती थरथरतोस," ताई म्हणाली. "लग्नातसुद्धा एवढा थरथरला नव्हतास."

"तेव्हा हातात पातं नव्हतं."

"म्हणून तर ती हो म्हणाली."

पातं आडवं फिरलं. माझ्या डोक्याची चकती कागदावर पडली आणि जेलीसारखी हलत राहिली. मी मात्र पेटलो. जरा पिवळट, पण समोरच्या भिंतीवर लख्ख ठिपका.

खड्ड्यात उतरून भावाने मला वर रोखलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला लांबचं दिसलं. लिफ्टशेजारच्या फटीतून, पार वरच्या चाकापाशी, दोराच्या तारा सुटून विस्कटल्या होत्या. त्या दोरावर लिफ्ट. लिफ्टखाली आम्ही.

"ताई, दोर गेलाय," भाऊ हळूच म्हणाला, जणू दोराला ऐकू जाईल.

"बाहेर ये."

"शिडी दिसत नाही."

शिडी त्याच्या शेजारीच होती. पण माझा सगळा उजेड आता एका ठिपक्यात जात होता. त्याने मला खाली फिरवलं, तर एका वेळी भिंतीची एकच वीट दिसायची. वर काहीतरी ताडकन तुटलं.

"डावा हात पुढे कर," ताई दारातून म्हणाली. "डावा म्हटलं. घड्याळाचा."

हाताला शिडी लागली. तो वर आला, जमिनीवर बसला आणि मला बंद करायचं विसरला. दोर बदलेपर्यंत ताईने लिफ्टच्या प्रत्येक दाराला कुलूप घातलं.

मित्रांनो, कोणाला लांबचं बघायला लावायचं असेल तर खुशाल लावा, पण त्याच्या सोबतीला जवळचं बघणारंही कोणीतरी द्या. भावाच्या पट्ट्याला आता माझ्याशेजारी घुमट शाबूत असलेला एक साधा दिवा असतो. त्याला शिडी दिसते, बूट दिसतात. तो मजेत आहे. वर काय काय असतं, ते मी त्याला सांगत नाही.