जीपच्या टपावरची जागा

मुलांनो, कल्पना करा, तुमच्या जीपच्या टपावर तंबू बसणार आहे, पण त्यात झोपता येईल दोघांनाच! भिंगरीच्या घरी तसंच झालं. "वर मी आणि तुझी आई. तू खाली सीटवर," बाबांनी आधीच सांगून टाकलं. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं.

दुकानात बाबांनी एकेक तंबू उचलून पाहिला. "खडबडीत रस्ता, त्यात टपावर ओझं नको," म्हणत त्यांनी सगळ्यांत हलका निवडला. दुकानदार काहीतरी सांगू पाहत होता, पण बाबा ऐकतात कुठले!

घरी येऊन तंबू बसवला. बाबा बॉनेटवरून धडपडत वर चढले. उतरताना मात्र पाय काही खाली पोहोचेना.

"अगं, याची शिडी कुठाय?"

"शिडी वेगळी घ्यावी लागते, म्हणून तर तो हलका! तेच सांगत होता बिचारा," आई म्हणाली. "आता बसा तिथेच!"

भिंगरी धावत जाऊन शेजारच्या रंगारीकाकांची हलकी शिडी घेऊन आली. बाबा कण्हत खाली उतरले. मग भिंगरीने उशी काखेत मारली, सरसर वर चढली आणि शिडी वर ओढून घेतली.