उभ्याने पाहिलेलं स्वयंपाकघर

मित्रांनो, मी एक जुना हेडसेट आहे. घराणं चष्म्याचं, पण मी नाकावर मावत नाही. डोळ्यांसकट अर्धं कपाळ मला लागतं. मला लावलं की समोरची खोली आहे तशी दिसते, आणि तिच्यात नसलेली वस्तूही दिसते. रिकाम्या भिंतीशी कपाट उभं करून दाखवणं, हे माझं काम. कपाट खऱ्या मापाचं दिसतं, पण त्यावर पेला ठेवू नये. एका गिऱ्हाइकाने ठेवला होता. काचा ताईने गोळा केल्या.

ताई माझी मालकीण. ती आणि तिचा धाकटा भाऊ स्वयंपाकघराचे ओटे आणि कपाटं बनवतात. माझा जन्म धुळीचा कणही नसलेल्या दालनात झाला, हातमोजे घातलेल्या हातांनी. इथे आलो आणि पहिल्याच दिवशी माझ्या इवल्या पंख्यात लाकडाचा भुसा गेला. त्याआधी ताई प्लायवूड कापण्यापूर्वी कारखान्याच्या फरशीवर खडूने अख्खं स्वयंपाकघर आखायची आणि गिऱ्हाइकाला त्यात फिरवायची. मी आलो आणि खडू बंद झाला. भावाने हौसेने मला आणलं, म्हणून ताई त्याला ‘शास्त्रज्ञ’ म्हणू लागली. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्यालाही कळत नसे.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. शेजारचे दुकानदारसुद्धा मला लावून बघायला येत. मग एका दुपारी भाऊ मला खिडकीत विसरला, भिंगं उन्हाकडे करून. ऊन भिंगातून आत शिरलं आणि माझ्या पडद्यावर कायमचा पिवळा डाग पडला. त्याची त्याला इतकी लाज वाटली की तो मला कुणाच्या डोक्यावर चढवेना. मला स्वतः लावायचा, खोलीभर फिरायचा आणि त्याला दिसेल ते गिऱ्हाइकाला टॅबलेटवर दाखवायचा. टॅबलेटवर डाग दिसत नसे.

अशात नवा हेडसेट बाजारात आला. वजनाने हलका, नजरेने तल्लख, किमतीने डोळे पांढरे करणारा. भावाचा जीव त्याच्यावर जडला. ताई म्हणाली, “आपला धंदा ओट्यांचा की चष्म्यांचा?” रोज जेवताना हाच वाद चाले. माझ्यासमोरच चाले, याचं मात्र कुणाला काही वाटत नव्हतं.

त्याच सुमारास पोहण्याच्या प्रशिक्षक बाईंचं काम आलं. अपघातानंतर त्यांचे पाय गेले होते. त्या चाकांच्या खुर्चीवर असत आणि आपल्या सख्ख्या भावाकडे राहत. आता त्यांनी स्वतःचं घर घेतलं होतं. पोहण्याच्या तलावाकाठी ओरडण्यात आयुष्य गेल्यामुळे त्या साधं बोलल्या तरी भिंती दचकत. “वहिनी माझी देवमाणूस आहे,” त्या ताईला म्हणाल्या, “पण तिचा चहा म्हणजे गरम पाण्याला दाखवलेली पत्ती. मला माझ्या हाताने चहा करायचाय. कुणाला हाक न मारता.”

भावाने जीव ओतून आराखडा केला. ओटा ठेंगणा ठेवला, खाली गुडघ्यांना जागा सोडली, कपाटं हाताच्या टप्प्यात आणली. बैठकीतून भांडी दिसू नयेत म्हणून ओट्याच्या कडेला एक देखणा कठडा घातला. मला लावून तो बाईंच्या रिकाम्या घरात फिरला. टॅबलेटवर बघून बाई खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी प्लायवूड कापायचं ठरलं.

घरी निघताना भावाने पुन्हा विषय काढलाच. नव्यात हे सगळं आरशासारखं स्वच्छ दिसलं असतं, तो म्हणाला. ताईने मला त्याच्या हातातून घेतलं. “आधी जुन्यातून यांना तरी दिसू दे.”

तो डागाबद्दल काहीतरी पुटपुटला. बाई म्हणाल्या, “तलावातल्या पाण्यात डोळे उघडे ठेवलेत मी. डागाचं काय सांगतोस?”

मी पहिल्यांदा त्यांच्या डोक्यावर बसलो. पट्टा ताईने आवळला. बाईंनी चाकं पुढे ढकलली आणि थांबल्या. मान उंचावून इकडेतिकडे पाहिलं.

“माझी खिडकी कुठे गेली?” त्यांनी हळू विचारलं. “आणि दार?”

दोन्ही कठड्यामागे गेली होती. उभ्या माणसाच्या तो छातीशी येत होता आणि त्यावरून सगळं दिसत होतं. बसलेल्या बाईंच्या डोळ्यांसमोर मात्र ती नुसती भिंत होती.

“तुम्ही छान कोनाडा केलात,” बाई म्हणाल्या. “पण कोनाड्यातून बाहेर पडायलाच तर मी घर घेतलं.”

भावाचा चेहरा उतरला. त्याने मला मागून घेतलं, सरळ फरशीवर बसला आणि आपण काय आखलंय ते बाईंच्या उंचीवरून पाहिलं. मग आराखड्यातला कठडा पुसून टाकला. दिवस मावळेपर्यंत मी तिघांच्या डोक्यांवर आळीपाळीने फिरत होतो. त्या दिवशी माझ्या डागाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

नवा हेडसेट अजून घेतलेला नाही. तो वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. माझ्या वजनाने माना दुखतात, हे खरं आहे. कधीतरी तो येईलही. पण आता कारखान्याचा नियम आहे की ज्याचं घर, त्याच्या डोक्यावर आधी हेडसेट. ठेंगण्या आजी, उंच जावई, सगळे मला लावून जातात.

बाईंचं स्वयंपाकघर तयार झालं तेव्हा भाऊ हौसेने मलाही घेऊन गेला. मला लावून बघणार का, असं त्याने त्यांना विचारलं.

“आता कशाला?” म्हणत त्यांनी मला बाजूला ठेवलं. गॅस पेटवला, आधण ठेवलं. खिडकी समोर होती, दार दिसत होतं. चहा इतका कडक झाला की ताईला ठसका लागला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना उन्हात ठेवू नका, भिंगं मऊ कापडाने पुसा. नवं महाग यंत्र घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या, पण ते कुणासाठी घेताय ते आधी ठरवा आणि त्याच्याच डोक्यावर चढवा. आणि त्याने ते काढून बाजूला ठेवलं, तर वाईट वाटून घेऊ नका. मला तरी वाटलं नाही.