शेंड्यावरचं हिरवं

पट्टेवाला म्हटलं की साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. हा तसला नव्हता. हा झाडांना पट्टे मारायचा. छातीच्या उंचीवर तांबडा पट्टा बसला की ते झाड आठवडाभरात आडवं व्हायचं, यंत्रात त्याचे तुकडे व्हायचे आणि वीजघराच्या भट्टीत जायचे. हे नाव त्याला करवतीवाल्यांनी ठेवलं होतं, आणि त्यातही पहिला मान त्याच्या दाजींचा. सख्ख्या बहिणीचा नवरा, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

किडीनं उतारावरची झाडं उभ्याउभ्या मारली होती. वीजघराचा करार असा, की जळण घ्यायचं ते याच झाडांचं, आणि त्याला अटी तीन. झाड पूर्ण मेलेलं हवं, एकही हिरवं पान चालणार नाही. ते उभं हवं. आणि पडलंच तर रस्त्यावर, घरावर किंवा तारांवर पडेल इतकं जवळ हवं. अटी चांगल्या होत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. त्या नसत्या तर ठेकेदारानं धडधाकट जंगल भट्टीत घातलं असतं आणि वर हात झटकले असते. पट्टेवाल्याला त्या तोंडपाठ होत्या. आपण चहाच्या कपावर विकले जात नाही याचा त्याला अभिमान होता, आणि अभिमान जरा जास्तच होता.

त्या दिवशी रस्त्याच्या वळणावरच्या एका झाडावर दाजींनी कुऱ्हाडीची बोथट बाजू आपटली. आवाज पोकळ आला.

"ऐक. आतून भोपळा झालाय. याला पट्टा मार. पुढच्या आठवड्यात याच्या शेजारीच आमचं काम आहे."

पट्टेवाल्यानं मान वर केली. शेंड्याजवळ हिरवा झुपका दिसत होता.

"वर हिरवं आहे, दाजी."

"असू दे. झाड मेलंय."

"हिरवं आहे ते मेलेलं कसं असेल?"

"तीस वर्षं झाडं पाडतोय मी. जा, दुर्बीण आण आणि नीट बघ तरी."

दुर्बीण जीपमध्ये होती आणि जीप दोनशे पावलांवर. चालायचा कंटाळा नव्हता त्याला. पण चार करवतीवाले कान टवकारून उभे होते, आणि मेहुण्यानं दाजींच्या शब्दावर पट्टा मारला असं उद्या कोणी म्हणायला नको होतं. त्यानं वहीत 'जिवंत' लिहिलं.

"बरं बाबा, तू मोठा साहेब," दाजी म्हणाले, "पट्टेवाला असलास तरी." सगळे हसले. तोही हसला.

नवव्या दिवशी शेजारचं झाड पाडताना जमीन हादरली. बिनपट्ट्याचं झाड बुंध्यात मोडलं आणि दाजींवर आलं. दवाखान्यात न्यायचीही गरज उरली नाही.

चौकशीच्या कागदावर दोन ओळी आल्या. झाड जिवंत होतं. करवतीचा अंदाज चुकला. जिवंत झाड आपण होऊन पडत नाही, म्हणजे दाजींच्याच करवतीचा धक्का लागला असणार, असा तो हिशेब. हळूहळू माणसंही तेच बोलू लागली. एवढा कसलेला गडी, पण शेवटी हात चुकला.

पट्टेवाला रोज संध्याकाळी ताईकडे जाऊन बसायचा. दाराशी दाजींचे बूट तसेच होते, आणि खिडकीत करवतीच्या दात्यांना धार लावायची कानस. ताई फारशी रडत नव्हती. एकच बोलायची.

"माणूस गेला, तो काही परत येत नाही. पण त्यांचा हात चुकला म्हणतात ना, ते मला गिळवत नाही."

वहीतलं 'जिवंत' त्याला खरंच वाटत होतं. हिरवं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात ठेकेदाराच्या मुकादमानं त्याला वळणावर बोलावलं. झाड अजून तिथंच पडून होतं. बुंध्याकडे त्याच्यानं बघवेना, म्हणून तो शेंड्याकडे गेला. झुपका तिथंच होता. पानं जाड, देठ आखूड, आणि जिथून तो फुटला होता तिथं फांदीला गाठ. झाडाचं एक पानही त्यात नव्हतं. ते बांडगूळ होतं. मेल्या झाडाचा उरलासुरला रस ओढून तग धरून राहिलेलं. पट्टेवाला तिथंच खाली बसला. माणसांना बांडगूळ म्हणायची आपल्याला केवढी घाई असते, आणि खरं समोर असतं तेव्हा ओळखू येत नाही.

मुकादमाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याची अडचण वेगळी होती.

"पडलेलं झाड करारात बसत नाही. उभं असेल तरच धोकादायक धरतात. मागची तारीख टाकून पट्टा मारून दे. माल सुटेल, आणि तुझ्या 'जिवंत'वरही पांघरूण पडेल."

"म्हणजे पट्टा असतानाही दाजी खाली उभे राहिले, असं होईल."

"झालं तर झालं. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

पट्टेवाल्यानं त्याच्या हातातला तपासणीचा फॉर्म घेतला आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: झाड तपासणीच्या दिवशीच मेलेलं होतं. हिरवं होतं ते बांडगूळ. करवतीवाल्यानं सांगूनही मी दुर्बिणीनं पाहिलं नाही. चूक माझी आहे. खाली आजची तारीख घातली.

"पायावर धोंडा पाडून घेतोयस," मुकादम म्हणाला.

संध्याकाळी त्यानं ते ताईला वाचून दाखवलं. वाचून झाल्यावरही ती कागदाकडेच बघत होती.

"दुर्बीण आण म्हणाले होते ते?"

"हो."

"किती लांब होती?"

"दोनशे पावलं."

ती उठली, ओट्यापाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. त्याला वाटलं, ही आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हे उद्या सगळ्यांपुढे वाच. मोठ्यानं. हात चुकला म्हणणारा एकही सुटता कामा नये."

"वाचतो, ताई."

"आणि मग इकडे येऊ नकोस."

सकाळी कामाला लागण्यापूर्वी त्यानं सगळ्यांना एकत्र केलं आणि वाचलं. 'चूक माझी' म्हणताना आवाज फाटला, म्हणून ती ओळ पुन्हा वाचली. सर्वांत म्हाताऱ्या करवतीवाल्यानं टोपी काढली.

"म्हणजे हात नव्हता चुकला त्यांचा," तो म्हणाला. "मीच बोलत फिरलो गावभर."

हेच ऐकायला ताई तीन आठवडे थांबली होती. पट्टेवाल्यानं कागदाची घडी घालून म्हाताऱ्याच्या हातात दिली.

"हे तेवढं ताईला जाऊन सांगाल का?"