चुनकळीवरची खिचडी

नाशिकजवळ अंबडच्या एका लहानशा कारखान्यात धम्मपाल बारा वर्षं होता, आणि तापणारा डबा म्हणजे त्याचंच लेकरू, असं सगळे म्हणत. मालकाने कल्पना कुठल्याशा प्रदर्शनातून आणली, पण ती नाशकात उभी केली धम्मपालने. वरच्या खणात शिजवलेली खिचडी, खालच्या खणात चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, आणि पाण्याची पिशवी. दोरी ओढली की पिशवी फुटायची, चुनकळी रटरटायची आणि दहा मिनिटांत खिचडीला वाफ यायची. चूल नको, काडी नको.

२००४च्या ऑगस्टात सुरगाण्याकडे आठ दिवस पावसाने उसंत दिली नाही. दरड कोसळून एका पाड्याचा रस्ता बंद झाला. मालकाने पाचशे डबे फुकट द्यायचं ठरवलं आणि ते घेऊन धम्मपाल सुरगाण्याकडे जीप चालवणाऱ्या जयरामबरोबर निघाला. शेवटचे दोन कोस गावकऱ्यांनी खोकी डोक्यावरून नेली.

पाड्यात चार दिवस चूल पेटली नव्हती. सरपण चिंब भिजलेलं; लोक नागलीचं पीठ नुसतं पाण्यात कालवून खात होते. नवसाबाई नावाच्या म्हातारीची सून ओली बाळंतीण होती. धम्मपालने पहिली दोरी तिच्या घरात ओढली. सुनेने गरम घास तोंडात घेतला आणि डोळे मिटून घेतले. नवसाबाई डब्याला दोन्ही हात लावून ऊब घेत बसली. आपल्या हातून जन्मात एक तरी काम धड झालं, असं धम्मपालला त्या वेळी वाटलं.

निघताना नवसाबाईने विचारलं, "भाऊ, हे रिकामं कुठं टाकायचं?"

पाऊस पुन्हा धरत होता, जयराम घाई करत होता. धम्मपालने घरामागच्या ओहोळाकडे हात केला. "टाका तिकडे. जाईल वाहून."

त्याला माहीत नव्हतं असं नाही. सहाच महिन्यांपूर्वी त्याने मालकाला लिहून दिलं होतं, की डब्यातला चुना पाण्यात जाता कामा नये, रिकामे डबे परत घ्यायची सोय करायला हवी. मालक बघू म्हणाले. धम्मपालनेही पुन्हा विषय काढला नाही.

जानेवारीत जाहिरातीसाठी पाड्याचे फोटो हवेत म्हणून मालकाने त्याला जयरामच्याच जीपने परत धाडलं. नवसाबाईने चहा दिला, नातू मांडीवर दिला, मग म्हणाली, चल, दाखवते.

पावसात टाकलेलं वाहून गेलं होतं. पण लोकांनी उरलेले डबे जपून ठेवले होते आणि भातकापणीला शेतावर नेले होते. रिकामे झाले की सांगितलं होतं तिथेच, ओहोळात टाकले. तोवर ओहोळ बारीक झालेला. पाणी साचायचं त्या खालच्या कोंडीचा तळ पांढराफटक पडला होता, त्यात चंदेरी पत्रे रुतले होते. मासळी दोन दिवसांत उलटी होऊन वर आली. काठाशी उकरलेल्या झिऱ्याचं पाणी पिऊन पोरांची तोंडं आली, तेव्हा बायकांनी तो सोडला. आता सून टेकडीपलीकडच्या विहिरीवर जात होती, पाठीला मूल बांधून.

"तुमच्या खिचडीनं सून तगली, ते खोटं नाय," नवसाबाई म्हणाली. "पण तुम्ही सांगितलं म्हून तिथं टाकलं. वाटलं, भाऊला ठाऊक असंल."

"मला ठाऊक होतं, मावशी."

 नवसाबाईने पाणी कधी सुधारेल एवढंच विचारलं. तो म्हणाला, पावसानंतर बहुतेक. पण ते त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

फोटो काढलेच नाहीत. तो आणि जयराम दोन दिवस कोंडीत उतरून तळ खरवडत राहिले. धम्मपालच्या पायांची कातडी सोलून निघाली. पाच पोती भरली, ती नाशकात आणली. भंगारवाल्याने एक डबा फाडून पाहिला. पत्र्याला प्लास्टिक असं चिकटलेलं, की वेगळं होईना. त्याने पोती घेतली नाहीत. ती कारखान्याच्या गोदामामागे पडली.

मालक रागावले नाहीत. पुढच्या छपाईत त्यांनी सूचनेची एक ओळ घातली, रिकामा डबा पाण्यात टाकू नये म्हणून. ती इंग्रजीत होती, मुंगीएवढ्या अक्षरांत. धम्मपालने मराठीचा आग्रह धरला, तर ते म्हणाले, जागा कुठे आहे?

जूनमध्ये जयरामकडे नवसाबाईचा निरोप आला. पाऊस तोंडावर आहे, सुनेला पुन्हा दिवस गेलेत, दहा डबे मिळाले तर बरं. धम्मपाल दोन दिवस तो निरोप मनात घोळवत राहिला. मग त्याने डबे पाठवले, आणि सोबत सांगावा, की रिकामे घरातच ठेवा, मी येतो.

सप्टेंबरात तो गेला. झिऱ्याचं पाणी निवळलं होतं, कोंडीत मात्र मासळी नव्हती. नवसाबाईने दहाही डबे धुऊन, एकात एक घालून ठेवले होते. ते घेऊन तो अंबडला आला आणि गोदामामागे त्या पाच पोत्यांशेजारी उभा राहिला. आता हे न्यायचे कुठे, ते त्याला कोणी सांगू शकलं नाही.